रविवारी टँक घासला, सोमवारी पाणी पांढरं

सोमवारी सकाळी दूध तापवायला उठले की पहिली नजर हॉलमधल्या माशांच्या टँककडे जायची, आणि पाणी ताकासारखं झालेलं असायचं. मासे वर येऊन तोंड मारत असायचे. आदल्याच दिवशी मी तीन तास खपून तो टँक आरशासारखा केलेला असायचा. एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण जुलै ते दिवाळी एवढ्या काळात पाच वेळा झालं आणि दर वेळी एखाद-दुसरा मासा गेला. मुलगा तेव्हा दुसरीत होता. मेलेला मासा तुळशीशेजारच्या कुंडीत पुरायचा, वर एक पान ठेवायचं, हा विधी त्याला पाठ झाला होता.

आमचं घर ठाण्यात मानपाड्याला, सातव्या मजल्यावर. टँक दोन फुटी: लांबी २४ इंच, रुंदी १२, उंची १५, पाणी १३ इंचांपर्यंत. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, भागिले ६१, की लिटर मिळतात. आमचे ६१ आले. रेती आणि दगडांनी अडवलेली जागा सोडली तर ५५ ते ६० धरायचे. हा आकडा काढून टँकच्या मागे कागदावर चिकटवून ठेवा, कारण पुढे औषध, मीठ, सोडा, काहीही टाकायचं तर तोच लागतो. दुकानदार ‘शंभर लिटरचा पीस आहे’ म्हणाला म्हणून शंभराचा डोस टाकणारे लोक असतात. त्यात मीही होते.

दर रविवारी मी काय करत होते

मासे बादलीत काढायचे. सगळं पाणी सायफनने मोरीत. रेती परातीत घेऊन तांदूळ धुतात तशी सात-आठ पाण्यांतून काढायची. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून, स्वच्छ पाणी निथळेपर्यंत धुवायचा. काच लिंबाने. मग नळाचं पाणी भरून त्यात क्लोरीन घालवायचे थेंब, आणि मासे परत आत. सासूबाई एकदा म्हणाल्या, “अगं, घर आहे ना ते त्यांचं? तांब्याची भांडी असल्यासारखं काय घासतेस?” मी म्हटलं, “आई, घाण किती निघतेय बघा तरी.”

ती घाण हेच खरं तर टँकमधलं सर्वांत मोलाचं सामान होतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, निदान कामापुरते तरी नाही. ते कशाला तरी चिकटून राहतात: स्पंजला, सेरामिक रिंगना, रेतीला, दगडाला, काचेला. स्पंजवरचा तो तपकिरी गिलावा म्हणजे टँकचं विरजण. दह्याचं भांडं दर रविवारी घासून, उकळत्या पाण्याने विसळून, सोमवारी ‘दही का लागत नाही’ म्हणून विचारलं, तर कुणीही हसेल. मी तेच करत होते, वर क्लोरीनच्या पाण्याने.

पांढरेपणाचं उत्तरही यातच आहे. अमोनिया खाणारे हे जीवाणू फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना अर्धा-एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. उरलेल्या खाद्यावर, कुजक्यावर जगणारे दुसरे जीवाणू मात्र अनुकूल वेळ आली तर तासाभरात दुप्पट होतात. सगळ्या पृष्ठभागांवरची वस्ती उठवली की मैदान त्यांना मोकळं. एका रात्रीत ते पाण्यात इतके माजतात की पाणी दुधट दिसतं, आणि ते स्वतः प्राणवायू खातात म्हणून मासे वर येतात. हे पांढरं पाणी पाहून मी पुन्हा सगळं पाणी बदलायचे. म्हणजे दुखणं आणि औषध एकच होतं, आणि मी डोस वाढवत चालले होते.

दुकानातला दादा म्हणाला होता, “ताई, पाणी पांढरं होतंय म्हणजे अजून नीट धुतलं जात नाहीये. फुल चेंज करा आणि हे निळं टाका.” निळं म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीला आणि अंड्यांना ते उपयोगी आहे, पण चालू टँकमध्ये टाकलं तर याच उपयोगी जीवाणूंना बाधतं, शिवाय टँकचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. आमच्या टँकचे कोपरे अजून निळे आहेत. त्याचा राग नाही. त्याने शिकलं तसं सांगितलं.

मोजल्याशिवाय काही कळत नाही

अमोनियाला रंग नाही, आणि ज्या प्रमाणात मासे मरतात त्या प्रमाणात वासही येत नाही. चकचकीत पाण्यात मासे गुदमरतात आणि जरा पिवळसर, मुरलेल्या पाण्यात मजेत राहतात. म्हणून टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि नवख्या माणसाला नेमका तोच हवा असतो. थेंबांचं किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आंबट ते) आणि केएच (आंबटपणा रोखणारी शिल्लक, पुढे सांगते), एवढं पुरे. नायट्रेटची दुसरी बाटली नीट जोरात हलवा, तळाला साका बसतो. न हलवता केलेली टेस्ट नेहमी गोड बातमी देते.

अमोनिया शून्य हवा. नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, २० च्या आत असेल तर छान. पाचव्या सोमवारी मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा अमोनियाचा रंग २ मिलिग्रॅमच्या गडद हिरव्याशी जुळला. नायट्राइट शून्य. म्हणजे अमोनिया पचवणारं पहिलं टोळकंच टँकमध्ये शिल्लक नव्हतं. चार महिने झालेला टँक कालच मांडल्यासारखा होता.

उलट आकडे आले, अमोनिया शून्य आणि नायट्राइट भरपूर, तर पहिली फळी जमली आहे, दुसरी अजून जमायची आहे, असं समजा. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करतं, म्हणून प्राणवायू भरपूर असतानाही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी दिसतात. इथे साधं खडे मीठ खरोखर कामाचं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. आमच्या ६० लिटरला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, पुरेसा होतो. मूठभर टाकू नका. मीठ वाफेने उडून जात नाही, त्यामुळे पुन्हा टाकायचं ते फक्त बदललेल्या पाण्याच्या हिशेबाने.

अमोनिया येतो कुठून याचाही हिशेब सांगते, कारण त्यानेच माझा हात आवरला. पस्तीस टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की त्यातून साधारण ३२ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, पाण्यात येतो. ६० लिटरमध्ये म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, एका दिवसात, एका ग्रॅमला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मी आमची ‘चिमूट’ मोजली, ती पावणेदोन ग्रॅमची निघाली. आणि अशा चिमटी दोन वेळा. शिवाय मुलगा शाळेतून आल्यावर एक गुपचूप.

मग टँक धुवायचा कसा

धुवायचाच नाही. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी सायफनने काढायचं, काढताना नळीचं तोंड रेतीत खुपसत न्यायचं, म्हणजे रेतीतली विष्ठा निघते. एका आठवड्याला टँकचा डावा भाग, पुढच्या आठवड्याला उजवा. काढलेलं पाणी बादलीत ठेवायचं. महिन्यातून एकदा, फिल्टरचा प्रवाह मंद झाला असेल तरच, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबायचा. पाणी काळंकुट्ट होईल, स्पंज तपकिरीच राहील. राहू द्या. नळाखाली नेऊ नका. सेरामिक रिंगना तर सहा-सहा महिने हात लावायची गरज पडत नाही. स्पंज फाटला आणि नवा घ्यायचा झाला तर जुना-नवा महिनाभर शेजारी शेजारी चालवा, मग जुना काढा. बादलीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना. आमची जास्वंद त्यावर माजली आहे.

काच समोरची तेवढी पुसा. मागची आणि बाजूची शेवाळलेली राहिली तर बिघडत काही नाही, पाहुण्यांना मागची काच दिसत नाही.

आणि ज्यांचा टँक नवाच आहे त्यांच्यासाठी: ही सगळी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टँक आणि मासे एकाच संध्याकाळी आणले, की दुसऱ्या आठवड्यात मासे मरतात ते यामुळे. वाट पाहायची तयारी नसेल तर कुणाच्या तरी चालू, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. मला कोपरीच्या मावशींनी त्यांच्या चार वर्षं जुन्या टँकमधला अर्धा स्पंज दिला, ओल्या पिशवीत, टाकीच्याच पाण्यात. मी रिक्षाने तासाच्या आत घरी आणून फिल्टरमध्ये बसवला. नऊ दिवसांत अमोनिया शून्यावर आला. विरजण म्हणतात ते हेच.

रात्री अकरा वाजता मासे वर आले तर

आधी हवा. एअर पंप असेल तर पूर्ण जोरावर, नसेल तर फिल्टरचं तोंड वर करून पाणी उंचावरून पडू द्या. तोही बंद असेल तर हातात मग घेऊन टँकचंच पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतत बसा, दहा मिनिटांत फरक दिसतो. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला जेमतेम ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ठाण्यातल्या मे महिन्यात पंखा बंद करून झोपलेल्या घरात टँक सहज ३१-३२ ला जातो. म्हणून ही तक्रार उन्हाळ्यात आणि रात्रीच जास्त येते.

मग अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. पीएच ६.८ किंवा वर असेल तर निम्मं पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं, हाताला टँकइतकंच कोमट-गार लागणारं. पीएच त्याहून खाली असेल तर थांबा, पुढचा भाग वाचा, आणि एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त बदलू नका. दोन दिवस खाद्य बंद. निळं, पिवळं, हिरवं, कुठलंही औषध नाही. मेलेला मासा ताबडतोब काढा. दगडामागे, लाकडाखाली अडकलेला आहे का बघा, एक सडका मासा साठ लिटरचं वाटोळं करतो.

दुसरं दुखणं: पाणी बदललं की मासे मरतात

पहिली समस्या सुटल्यावर दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मी सुखावले, आणि सुखावले म्हणून आळसावले. पाणी काचेसारखं दिसतंय म्हटल्यावर दर आठवड्याचं पाणी बदलणं महिन्यावर गेलं. मे महिन्यात एका शनिवारी मी शहाण्यासारखं निम्मं पाणी बदललं, आणि दोन तासांत दोन मोठे गोल्डफिश आडवे. पाणी स्वच्छ, फिल्टर चालू, स्पंजला हात लावलेला नाही. हे कोडं सोडवायला मला तीन आठवडे लागले. ठाण्यातल्या, विशेषतः घोडबंदर रोडच्या अंगाच्या सोसायट्यांमध्ये ते दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ठाण्याचं पाणी एकाच ठिकाणहून येत नाही. महापालिकेची भातसा नदीवरची स्वतःची योजना आहे, पिसे इथे पाणी उचलतात आणि टेमघरला शुद्ध करतात. शिवाय शहाड-टेमघर योजनेचं, म्हणजे स्टेमचं पाणी, एमआयडीसीचं पाणी, थोडं मुंबई महापालिकेचं. सगळं नदी-धरणाचं, पावसाचं, म्हणून सौम्य. आमच्या नळाचा केएच मी मोजला तो ३ अंश आला. केएच म्हणजे पाण्यात किती कार्बोनेट आहे त्याचं माप, एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. पाणी आंबट होऊ न देणारी ती शिल्लक समजा.

ती शिल्लक खर्च कोण करतं? आपलेच गुणी जीवाणू. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना ते सुमारे ७ मिलिग्रॅम कार्बोनेट संपवतात. रोज एक ग्रॅम खाद्य, त्यातून ३२ मिलिग्रॅम, म्हणजे रोज सव्वादोनशे मिलिग्रॅम कार्बोनेट खलास. ६० लिटरमध्ये वाटलं तर दर पाच दिवसांनी एक अंश. तीन अंशांची ठेव कागदावर पंधरा दिवसांत संपते. मी महिनाभर पाणी बदललं नव्हतं.

केएच संपला की पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली जीवाणूंचं काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळपास थांबतंच. अमोनिया साचत जातो, पण मासे धडधाकट दिसतात. कारण आंबट पाण्यात अमोनिया जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात राहतो, आणि ते रूप फारसं घातक नाही. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर शंभर भागांतला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की साडेसहा भाग. पीएच एकने वाढला की विष नऊ-दहा पट.

आता मे महिना. सोसायटीत दिवसाआड टँकर. टँकरचं पाणी बहुधा बोअरवेलचं. मी ते रात्रभर बादलीत ठेवून मोजलं: पीएच ८.१, केएच १२. त्या शनिवारी मी सहाच्या घरातल्या आंबट, अमोनिया साचलेल्या टँकमध्ये निम्मं पाणी हे ओतलं होतं. पीएच तासाभरात चढला, निरुपद्रवी होऊन पडलेला अमोनियम विष होऊन उठला. मासे मारले पाण्याने नव्हे, महिनाभराच्या आळसाने, पण दिसायला असं की ‘पाणी बदललं आणि मेले’. यानंतर माणूस पाणी बदलायलाच घाबरतो, आणि पुढचा घसरता पीएच आणखी खोल जातो. ज्यांच्याकडे वर्षातून दोनदा सगळे मासे ‘अचानक’ जातात, त्यांनी आधी केएच मोजावा. माझ्या पाहण्यात तरी दहातल्या सहा-सात टँकमध्ये तिथेच सापडतं.

बाहेर कसं यायचं? सावकाश. रोज दहा टक्के पाणी, आठ-दहा दिवस. दर दिवशी पीएच ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त हलू द्यायचा नाही. अमोनिया जास्त असेल तोवर खाद्य बंद. तो उतरला की मग केएच वाढवायचा. घरातला खायचा सोडा चालतो. अर्धा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून ६० लिटरमध्ये हळूहळू सोडला की केएच सुमारे दीड अंश वाढतो. एका दिवशी यापेक्षा जास्त नाही. पापडखार वेगळा, तो वापरू नका. बेकिंग पावडरही नाही.

कायमचा उपाय मला बाजारातल्या एका मासे विकणाऱ्या मावशींमुळे सुचला, त्यांना न कळत. तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, घेऊन आले होते. सुकं केल्यावर उरलेले शिंपले टाकायला निघाले आणि हातातच थांबले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मसाला, तेल, मांस काही राहणार नाही असे उकळून घासले, दोन दिवस उन्हात वाळवले, खलबत्त्यात जाडसर फोडले आणि जाळीच्या पिशवीत मूठभर फिल्टरमध्ये ठेवले. पाणी आंबट व्हायला लागलं की ते विरघळतात, नाही तर तसेच पडून राहतात, म्हणून डोस चुकायची भीती नाही. आमचा केएच आता चार-पाचवर असतो. शाकाहारी घरात पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस चालेल, अर्थात तोही शाकाहारी म्हणायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. काही जण प्रवाळाचा चुरा सुचवतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्या भानगडीत पडू नका, शिंपले असताना गरजही नाही.

टँकरच्या दिवसांत पाणी एक तृतीयांश नव्हे, दहा टक्के बदला, पण दोनदा-तीनदा. किंवा महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा. घरात बादल्यांवरून भांडण होतं, ते वेगळं.

सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या टाकी सफाई, पाणी भरून ठेवावे’ असा संदेश आला की मी माशांचंही पाणी भरून ठेवते. टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात आणि नंतर एक-दोन दिवस नळाला तरणतलावाचा वास येतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की एरवीही क्लोरीनची मात्रा वाढलेली असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. आपल्याला तो हवाच, पण माशाच्या कल्ल्यांना तेवढाही भाजतो.

दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते सोडियम थायोसल्फेट, जुने लोक हायपो म्हणतात. फोटो स्टुडिओत निगेटिव्ह पक्की करायला वापरायचे तेच. काम मिनिटभरात करतं. पण बाटलीवरचा डोस रोजच्या पाण्याचा असतो, टाकी धुतल्याच्या दिवशी तो कमी पडतो. मी बादलीत दुप्पट टाकते, एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून रात्रभर ठेवते आणि सकाळी वास घेते. तरणतलावातलं क्लोरीन तपासायचे थेंब घरात असतील तर ग्लासभर पाण्यात दोन टाकून बघा, पिवळं झालं तर अजून आहे. तो ग्लास मात्र मोरीत ओता, टँकमध्ये नाही, आणि ग्लास वेगळा ठेवा.

किरकोळ तक्रारी

हिरवं पाणी: पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन. पडदा लावा, दिवा सहा तासांवर आणा, फारच झालं तर तीन दिवस टँकवर चादर टाकून अंधार करा. चहासारखं पाणी: नवीन लाकडाचा रंग, निरुपद्रवी. वर तेलकट तवंग: हॉल आणि किचन लागून असेल तर फोडणीची वाफ. वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद पसरून उचला, तवंग कागदाला येतो. एअर पंप गॅसपासून लांब.

एअर पंपाचं आणखी एक. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डासांच्या मशीनमधली, झुरळांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड औषधं माणसाला फार काही करत नाहीत, माशांना जहर आहेत. पावसाळ्यात सोसायटी धुरळणी करते तेव्हा, किंवा दिवाळीआधी घरी पेस्ट कंट्रोल होतं तेव्हा, टँकवर ओला टॉवेल, पंप बंद आणि दोन तासांनी खिडक्या उघडल्यावर सुरू. सगळे आकडे बरोबर असून मासे भेलकांडत पोहत असतील तर घरात गेल्या दोन दिवसांत काय फवारलं ते आठवा.

वीज गेली तर फिल्टर एक-दोन तास बंद राहिल्याने बिघडत नाही. पाच-सहा तास गेले तर मात्र आतले जीवाणू प्राणवायूविना मरायला लागतात आणि आतलं पाणी सडतं. वीज आली की फिल्टर तसाच चालू करू नका, आधी स्पंज टँकच्या पाण्यात विसळून घ्या. नाही तर तो सगळा सडका घोट एका झटक्यात टँकमध्ये येतो. अंड्याचा वास आला की समजायचं.

गणपतीत गावी जाताना

वर्षातून एकदा हमखास येणारी समस्या ही. आम्ही गणपतीला पाच दिवस कुडाळला जातो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि खाद्याचा डबा देऊन गेले. काकूंचा जीव मोठा. “एवढ्याश्या दाण्यांनी काय होतं गं त्यांचं?” म्हणून त्या रोज मूठ टाकत होत्या. परत आलो तेव्हा पाणी पिठल्यासारखं.

धडधाकट मोठे मासे पाच-सात दिवस उपाशी सहज राहतात. रेतीतलं, काचेवरचं शेवाळ कुरतडतात. आता निघायच्या आदल्या दिवशी मी पाव पाणी बदलते, दिव्याला टायमर लावते आणि काकूंना सांगते, “काकू, फक्त रोज एकदा बघा फिल्टर चालू आहे का. बंद दिसला तर फोन करा.” तरी त्यांना चैन पडत नाही म्हणून कागदाच्या दोन पुड्या देते, प्रत्येकीत आठ-दहा दाणे, वर वार लिहिलेला. खाद्याचा डबा मात्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली आमच्याबरोबर कुडाळला.